बायोमेडिकल पीएचडी करताना: आपण चुकतोय हे लवकर कसं कळावं

पीएचडीला प्रवेश घेणाऱ्याला सगळे एकच सांगतात: भरपूर वाच, मेहनत कर, धीर धर. सल्ला बरोबर आहे, पण त्यातून लॅबमध्ये नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून या लेखात पायरी पायरीने कामाच्याच गोष्टी सांगतो आणि त्या एका सूत्राभोवती बांधतो.

सूत्र असं. बायोमेडिकल संशोधनात बहुतेक कल्पना चुकीच्या निघतात. नवख्यांच्या निघतात आणि नामवंतांच्याही. अ‍ॅम्जेन या औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले शोधनिबंध पुन्हा करून पाहिले. २०१२मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यातल्या फक्त ६ निबंधांचे निष्कर्ष टिकले. म्हणजे बाकीचे सगळे लबाड होते असं नाही. पेशी, प्राणी आणि माणसाचं शरीर यांत इतक्या गोष्टी एकाच वेळी बदलत असतात की स्वतःची फसवणूक अगदी सहज होते. कल्पना चुकली म्हणून पीएचडीची वर्षं सहसा वाया जात नाहीत, ती चुकल्याचं तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळलं की जातात. गाईड, विषय, प्रयोग, वही हे सगळं असं निवडायचं की चूक लवकर उघडी पडावी.

आधी: पीएचडी हवीच आहे का?

स्वतंत्र संशोधक व्हायचं असेल, विद्यापीठात शिकवायचं असेल किंवा औषधकंपनीत संशोधनाची दिशा ठरवणाऱ्या जागेवर जायचं असेल तर पीएचडी लागते. क्लिनिकल ट्रायलचं व्यवस्थापन, नियामक कामकाज, वैज्ञानिक लेखन, डायग्नोस्टिक लॅब या क्षेत्रांत ती नसली तरी चांगलं काम मिळतं. तेव्हा मास्टर्सनंतर पुढे काय हे सुचत नाही, एवढ्याच कारणाने पीएचडीला जाऊ नका.

शक्य असेल तर आधी वर्षभर एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करा. आठवडाभर पेशी वाढवायच्या, शुक्रवारी त्या दूषित निघाल्या म्हणून फेकून द्यायच्या आणि सोमवारी पुन्हा सुरुवात करायची, हे तुम्हाला सोसतं का ते पुस्तक वाचून कळत नाही. वैतागलात तरी पुढच्या वेळी काय वेगळं करायचं याचा विचार आपोआप सुरू झाला, तर ते शुभचिन्ह समजा.

पद्धत कोणती, वर्षं किती

देशानुसार गणित बदलतं. अमेरिकेत पदवीनंतर थेट प्रवेश मिळू शकतो. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवड्यांची रोटेशन्स होतात, मग गाईड ठरतो, नंतर क्वालिफाइंग परीक्षा असते आणि एकूण पाच-सहा वर्षं सहज जातात. ब्रिटनमध्ये साधारण तीन ते चार वर्षं, आणि बऱ्याचदा प्रकल्प आधीच ठरलेला असतो. जर्मनी, नेदरलँड्स किंवा स्कँडिनेव्हियात अनेकदा रीतसर नोकरीचा करार असतो आणि मास्टर्स बहुधा लागतेच. भारतात सीएसआयआर-यूजीसी नेटसारख्या परीक्षेतून फेलोशिप मिळवून पुढे जाणं ही रुळलेली वाट आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं लागतात, आणि कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे सहा वर्षांची आहे. त्या नियमांनी थिसिसआधी पेपर छापण्याची सक्ती काढली. संस्थेची स्वतःची अट मात्र असू शकते, ती आधीच विचारून घ्या.

रोटेशनची सोय असेल तिथे ती नक्की वापरा. नसेल तर महिनाभराची इंटर्नशिप मागा. आणि कुठेही गेलात तरी फेलोशिप किती वर्षांची आहे आणि त्या लॅबमध्ये पीएचडी पूर्ण व्हायला खरोखर किती वर्षं लागतात, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. मधल्या फरकाच्या काळात पैसे कुठून येणार, हे प्रवेशाच्या वेळी विचारायला संकोच वाटतो. पाचव्या वर्षी विचारायची वेळ आली तर त्याहून जास्त वाटेल.

गाईड निवडणं

विषयापेक्षा आणि संस्थेच्या नावापेक्षा इथे जास्त वेळ घालवा. विषय बदलता येतो, तंत्र शिकता येतं, पण गाईड बदलणं फार महागात पडतं.

नवखा विद्यार्थी गाईडची पेपरांची यादी पाहतो. पाहावी, पण त्यातून वेगळं काहीतरी शोधावं. पहिलं नाव विद्यार्थ्याचं असलेले पेपर किती आहेत, की सगळे पोस्टडॉकचेच, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्यांचेच आहेत? मागच्या पाच-सहा विद्यार्थ्यांची नावं काढा आणि आज ते कुठे आहेत ते पाहा. त्यांच्यातल्या दोघांना तरी मेल करा. अर्धवट सोडून गेलेला कुणी सापडला तर त्याच्याशी आवर्जून बोला. मेलमध्ये लोक जपून लिहितात, फोनवर मोकळं बोलतात. ‘सर कसे आहेत?’ असं विचारलंत तर ‘चांगले आहेत’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी नेमकं विचारा: तुमचा ड्राफ्ट वाचून परत यायला किती दिवस लागायचे? एकाच प्रश्नावर दोघांना कामाला लावून शर्यत लावतात का? सुट्टी मागितली की काय होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाईडच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध डेटा आला तेव्हा काय झालं?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लॅब मीटिंगमध्ये डोळ्यांनी पाहता येतं. एकदा बसू द्याल का, असं विचारा. न जमलेला प्रयोग कुणी मांडत असताना बाकीचे त्यात काय चुकलं असेल ते मोकळेपणाने शोधत असतील तर ती लॅब चांगली. सगळ्यांचे सगळे ग्राफ कायम सुंदर असतील, तर तिथे वाईट डेटा टेबलापर्यंत पोचत नाही असं समजा. ज्या गाईडसमोर न जमलेला निकाल ठेवायची भीती वाटते, त्याच्या लॅबमध्ये चूक कळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तरुण गाईड की ज्येष्ठ? तरुण गाईड स्वतः बेंचवर, म्हणजे प्रयोगाच्या टेबलाशी, उभे राहून शिकवतात. त्यांचं अनुदान आणि नोकरी मात्र कधी कधी तुमच्याइतकीच अस्थिर असते. ज्येष्ठांकडे पैसा, यंत्रं आणि ओळखी असतात, पण भेट महिन्यातून एकदा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच संशोधनात येणाऱ्याने मध्यम आकाराची, सात-आठ जणांची लॅब पाहावी, जिथे रोज शेजारी उभं राहून शिकवणारा एक तरी सिनियर आहे.

प्रश्न ठरवणं

‘मधुमेहावर काम करायचंय’ हे क्षेत्र झालं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर हो किंवा नाही येऊ शकेल आणि दोन्ही उत्तरांतून काहीतरी शिकायला मिळेल. ‘अमुक प्रथिन काढून टाकलं तर स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन कमी सोडतात का?’ हा प्रश्न झाला. फक्त ‘हो’ आलं तरच थिसिस होणार असेल, तर तो जुगार आहे. एक जोखमीचा प्रश्न आणि सोबत एक हमखास काहीतरी देणारा प्रश्न, अशी जोडी ठेवा.

मग स्वतःला विचारा: ही कल्पना चुकीची असेल तर ते सर्वांत स्वस्तात आणि लवकर कोणत्या प्रयोगातून कळेल? तो प्रयोग पहिल्यांदा करा. माणसाचा स्वभाव उलटा असतो. आपण आधी कल्पनेला बळ देणारे प्रयोग करतो आणि तिला पाडू शकणारा प्रयोग पुढे ढकलत राहतो. सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यातच, लिहून टाका की अमुक महिन्यापर्यंत अमुक दिसलं नाही तर दिशा बदलायची. लिहिलेलं असलं की बदलताना पराभव वाटत नाही.

परवानग्या

लहानसा मुद्दा आहे, पण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. माणसांचे नमुने वापरायचे तर एथिक्स कमिटी, प्राणी वापरायचे तर प्राणी-नीतिसमिती, जनुकीय बदल केलेले जीव किंवा रोगजंतू हाताळायचे तर बायोसेफ्टी कमिटी. समित्या रोज भरत नाहीत. प्रश्न पक्का झाला की त्याच आठवड्यात अर्जाला लागा आणि मंजुरी येईपर्यंत पेशींवरचं काम उरका. अर्ज लिहिताना रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्ये मांडलेली तीन तत्त्वं डोळ्यांसमोर ठेवा: प्राण्यांऐवजी दुसरं काही चालेल का, संख्या कमी होईल का, त्यांचा त्रास कमी करता येईल का. समिती तेच विचारते. मंजुरीपूर्वी गोळा केलेला डेटा नंतर कितीही चांगला निघाला तरी वापरता येत नाही.

बेंचवरचे पहिले सहा महिने

इथे नवं काही शोधू नका. लॅबमधला जुना, छापलेला एक निकाल निवडा आणि तो स्वतःच्या हाताने पुन्हा मिळवा. मिळाला तर हात तयार झाला, आणि नाही मिळाला तर पुढचं सगळं त्याच निकालावर उभं करायच्या आत कळलं हे उत्तम.

पेशींपासून सुरुवात करू. सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत राहता येणाऱ्या एका प्रकारच्या पेशी, मिळाली की तिच्यावर विश्वास ठेवू नका, बाटलीवरचं नाव चुकीचं असू शकतं. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१मध्ये मिळालेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की त्यांनी दुसऱ्या अनेक सेल लाइन गिळल्या. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६मध्येच हे दाखवलं होतं. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन तर कित्येक वर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि निघाली मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाची. अशा ओळख चुकलेल्या लाइनींची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे आणि त्यात पाचशेहून अधिक नावं आहेत. तुमची लाइन त्या यादीत आहे का ते पाहा, एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून लाइनीची ओळख पटवणारी चाचणी) करून घ्या आणि सुरुवातीच्याच पॅसेजच्या भरपूर ट्यूब गोठवून ठेवा. वाढलेल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याची प्रत्येक खेप म्हणजे एक पॅसेज.

दुसरा छुपा शत्रू मायकोप्लाझ्मा, हा अगदी लहान जिवाणू. बुरशी किंवा साधे जिवाणू लागले की मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) गढूळ होतं आणि आपण फ्लास्क फेकून देतो. मायकोप्लाझ्मा तसं काहीच दाखवत नाही, आणि त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. पेशी दिसायला ठीक असतात, फक्त त्यांचं वागणं बदलतं आणि तुम्ही तो बदल आपल्या औषधाचा परिणाम म्हणून मिरवता. दर महिन्याला पीसीआरने तपासणी करा. बाहेरून आलेली प्रत्येक लाइन तपासणी होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. तो नसेल तर दिवसातलं सगळ्यात शेवटचं काम त्या लाइनीचं करा.

अँटिबॉडीचंही तसंच. ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देण्यासाठी ती वापरतात, आणि वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करून तिने ओळखतात. वेस्टर्न ब्लॉटवर योग्य उंचीला पट्टा दिसला म्हणजे ते तुमचंच प्रथिन असं नाही. त्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेल्या पेशींत पट्टा नाहीसा होतो का, हे पाहणं ही खरी परीक्षा.

प्रत्येक प्रयोगाला दोन्ही कंट्रोल हवेत. जिथे परिणाम दिसलाच पाहिजे तो पॉझिटिव्ह आणि जिथे दिसता कामा नये तो निगेटिव्ह. पॉझिटिव्ह कंट्रोल चालला नाही तर बाकीच्या निकालाकडे बघूही नका. ज्या द्रावणात औषध विरघळवलं, उदाहरणार्थ डीएमएसओ, त्याचा वेगळा कंट्रोल विसरू नका. ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये कडेच्या खान्यांतलं पाणी लवकर उडतं, म्हणून सगळे कंट्रोल कडेला आणि सगळे नमुने मध्ये असं कधी भरू नका.

आता आकडे. एकाच प्लेटमधले तीन खाने म्हणजे तीन नमुने होत नाहीत. एका माणसाचं वजन तीनदा केलं म्हणून तीन माणसं मोजली असं होत नाही ना? वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर, नव्याने मांडलेला प्रयोग हा एक नमुना. प्राण्यांमध्येही एकाच आईची पिल्लं पूर्णपणे स्वतंत्र धरता येत नाहीत. फक्त नर उंदीर घेणार असाल तर कारण तयार ठेवा. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६पासून अर्जात लिंगाचा विचार मागायला सुरुवात केली आणि परीक्षकांनाही आता तो प्रश्न सुचतो.

संख्याशास्त्राच्या माणसाकडे प्रयोगाआधी जा. किती नमुने लागतील, कोणती चाचणी लावणार, कोणता नमुना कधी वगळणार हे सगळं आधी लिहून ठेवा. मोजणी डोळ्यांनी करायची असेल, म्हणजे स्लाइडवरच्या पेशी किंवा गाठींचा आकार, तर लॅबमेटकडून लेबलं झाकून घ्या. आपल्याला हवं ते आपल्या डोळ्यांना जास्त दिसतं. प्रामाणिक माणसालाही यातून सुटका नाही.

वही आणि डेटा

लॅबची वही त्याच दिवशी लिहायची, कागदाच्या कपट्यावरून नंतर उतरवायची नाही. तारीख, पेशींचा पॅसेज, रीएजंटचा (प्रयोगातल्या रसायनाचा) लॉट क्रमांक, प्रोटोकॉलपासून कुठे हटलात ते, आणि न जमलेलं सगळं. सहा महिन्यांनी सगळे प्रयोग एकदम बिघडतात तेव्हा मीडियममध्ये घालायच्या सिरमचा लॉट बदलल्याची तारीख वहीतच सापडते.

यंत्रातून आलेली मूळ फाइल कधी बदलू नका. तिची प्रत काढून त्यावर काम करा. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत किंवा सर्व्हरवर. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडताना सावध राहा, ते काही जनुकांच्या नावांच्या परस्पर तारखा करून टाकतं. हा घोळ इतका पसरला की जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अखेर सेप्टिन आणि मार्च गटातल्या जनुकांची चिन्हंच बदलली आणि २०२०मध्ये त्यासाठी रीतसर नियम छापला. सॉफ्टवेअर हटेना, म्हणून शास्त्राने वाट बदलली! आर किंवा पायथन यांपैकी एक प्रोग्रामिंग भाषा थोडी तरी शिका.

चित्रांबाबत ढिलाई नको. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २० हजारांहून अधिक शोधनिबंधांतली चित्रं तपासली. २०१६मध्ये छापलेल्या त्या कामात सुमारे ३.८ टक्के निबंधांत संशयास्पद चित्रं आढळली. ब्राइटनेस बदलायचा तर पूर्ण चित्राचा बदला, पट्टे कापून जोडले असतील तर तिथे रेघ दाखवा, आणि मूळ ब्लॉट जपून ठेवा.

वाचन

रोज एक पेपर आकृत्यांपासून वाचा. आधी आकृती पाहून स्वतः निष्कर्ष काढा, मग लेखकाने काय म्हटलंय ते पाहा. दोन्ही जुळले नाहीत तर तिथेच शिकायला मिळतं. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. पबमेड या शोधनिबंधांच्या सूचीवर आपल्या विषयाचा अलर्ट लावा आणि बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचे प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधीचे निबंधही बघा, मात्र ते तज्ज्ञांनी तपासलेले नसतात हे ध्यानात ठेवून.

पेपर आणि नावांची भांडणं

लॅबमधली जुनी मैत्री बहुतेक वेळा लेखकांच्या क्रमावरून तुटते. म्हणून प्रयोग वाटून घेतानाच क्रम बोला आणि मेलमध्ये लिहून ठेवा. परिस्थिती बदलली तर पुन्हा बोला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपदासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही हव्यात. निव्वळ यंत्र वापरू दिलं किंवा विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालायचं नसतं. व्यवहारात ते घातलं जातं, हेही तुम्ही पाहाल. नवख्याने एकट्याने लढायची ही लढाई नाही, पण निदान नियम माहीत असावा.

पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं तुम्हाला ‘आदरणीय डॉक्टर’ म्हणून मेल करतील, पीएचडी व्हायच्या आधीच. दुर्लक्ष करा. नियतकालिक नवं वाटलं तर त्यातले दोन पेपर वाचा आणि गाईडला विचारा.

मधला काळ

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते चौथ्याच्या सुरुवातीपर्यंत बहुतेकांना वाटतं की आपल्याला हे जमत नाही. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. या काळात दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीची बैठक मागून घ्या, डेटा वाईट असेल तर जास्तच लवकर. कमिटीतला गाईडव्यतिरिक्त एक माणूस तरी असा हवा की ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल. झोप उडाली, आठवडेच्या आठवडे लॅबमध्ये पाऊल टाकवत नाही, असं झालं तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. त्याला आळस म्हणू नका.

गाईडकडून अपमान, छळ किंवा डेटा बदलण्याचा दबाव येत असेल तर तारखांसह नोंद ठेवा आणि विद्यार्थी-अधिष्ठाता किंवा तक्रार समितीकडे जाण्याआधी एखाद्या अनुभवी, तटस्थ प्राध्यापकाशी बोला. लॅब बदलून पीएचडी पूर्ण करणारे बरेच असतात. जिथे तशी सोय आहे तिथे मास्टर्स घेऊन बाहेर पडणं हासुद्धा मार्ग आहे.

थिसिस आणि व्हायवा

पद्धती आणि साहित्य हे प्रकरण पहिल्या वर्षापासून लिहीत जा, दर प्रयोगानंतर अर्धा तास. मग आकृत्या क्रमाने लावा, त्यांच्याखाली वर्णनं लिहा, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. गाईडला अख्खा थिसिस एकदम देऊ नका, प्रकरणागणिक द्या आणि परत मिळण्याची तारीख ठरवून घ्या. न जमलेले प्रयोगही त्यात येऊ शकतात. पुढच्या विद्यार्थ्याला त्यांचाच उपयोग जास्त होतो.

व्हायवा म्हणजे थिसिसवरची तोंडी परीक्षा. तिची रीत ठिकठिकाणी निराळी. ब्रिटनमध्ये बंद खोलीत एक अंतर्गत आणि एक बाहेरचा परीक्षक दोन-तीन तास चर्चा करतात, तर नेदरलँड्समध्ये समारंभपूर्वक जाहीर बचाव होतो आणि ठरलेला वेळ संपला की काठीधारी अधिकारी आत येऊन ‘होरा एस्ट’, म्हणजे ‘वेळ झाली’, असं म्हणतो. उत्तर अर्धवट राहिलं तरी चालतं. प्रश्न मात्र सगळीकडे सारखेच. हा कंट्रोल का घेतला? दुसरं कोणतं स्पष्टीकरण शक्य आहे? आज पुन्हा सुरुवात केली तर काय वेगळं कराल? आपल्या थिसिसमधल्या पाच सर्वांत कच्च्या जागा स्वतः शोधून त्यांची उत्तरं तयार ठेवा. ‘हे मी तपासलेलं नाही, तपासायचं झालं तर असं तपासेन’ हे उत्तर परीक्षकांना आवडतं, गोलमाल उत्तर कळून येतं.

सुधारणा जमा केल्या की लगेच निघून जाऊ नका. उणे ऐंशीच्या फ्रीझरमधल्या आणि द्रवरूप नायट्रोजनमधल्या प्रत्येक बॉक्सची यादी करा, ट्यूबवरची तुमची खास सांकेतिक अक्षरं उलगडून लिहा, प्लास्मिडचे (पेशीत जनुक घालायला वापरलेल्या डीएनएच्या कड्यांचे) नकाशे आणि मूळ डेटा गाईडच्या हवाली करा आणि वहीची प्रत स्वतःकडे ठेवण्याची लेखी परवानगी घ्या. पेपर अजून परीक्षणात असेल तर त्यातले राहिलेले प्रयोग कोण करणार आणि त्याबदल्यात त्याचं नाव कुठे येणार, हेही जाण्याआधी मेलवर ठरवून घ्या.